आकाशाचा सातबारा

जमिनीच्या बाबतीत वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला नव्यानं शिकवावं असं फारसं काही उरलेलं नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीची नोटीस, धुऱ्यावरून झालेलं भांडण आणि त्या भांडणाची कोर्टातली पुढची तारीख, हे सगळं त्याला शाळेत जायच्या आधीच पाठ झालेलं असतं. आकाशाचं मात्र कोणी काही विचारत नसे. त्यात घारी फिरत, संक्रांतीला पतंग कटत आणि नागपूरकडं जाणारं विमान खाली आलं की अंगणातली पोट्टी हात हलवत. आकाशाला धुरा नव्हता आणि तलाठीही नव्हता, त्यामुळं त्याच्यावरून भावाभावांत बोलचाल बंद झाल्याचं ऐकिवात नाही.

हे सुख २४ सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. त्या दिवशी केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं ड्रोनसाठी भारताच्या आकाशाचा नकाशा जाहीर केला. ‘डिजिटल स्काय’ नावाच्या सरकारी व्यासपीठावर आख्खा देश तीन रंगांत रंगवून ठेवला. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवा, कोणाला विचारू नका. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी काढा. लालमध्ये थेट केंद्र सरकारची परवानगी काढा, म्हणजेच दुसरा एखादा छंद बघा. त्याच्या महिनाभर आधी, २५ ऑगस्टला आलेल्या ड्रोन नियमांत एक कलम आहे. ड्रोन उडवणाऱ्यानं प्रत्येक उड्डाणाआधी हे व्यासपीठ उघडून आपल्या जागेवर काही बंदी आहे का, हे तपासलंच पाहिजे. नियम मोडले तर १ लाख रुपयांपर्यंत दंड.

तरी ही सुधारित आवृत्ती आहे. १ डिसेंबर २०१८ पासून जे नियम लागू झाले, त्यांचं सूत्र ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ असं होतं. परवानगी ऑनलाइन आली नाही तर ड्रोननं स्वतःच जागेवरून हलायला नकार द्यायचा, अशी ती योजना होती. सरकारी कार्यालयाचा स्वभाव यंत्रात उतरवण्याचा एवढा प्रामाणिक प्रयत्न दुसरा झाला नसेल. मग मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले. त्यात फॉर्म २५ आणि शुल्काचे प्रकार ७२. पाचच महिन्यांत सरकारलाच ते वाचून दम लागला असावा, कारण ऑगस्टमध्ये फॉर्म ५ झाले आणि शुल्काचे प्रकार ४. त्या पंचवीसांपैकी वीसेक फॉर्म ज्या सज्जनांनी भरून, झेरॉक्स काढून, स्वसाक्षांकित करून ठेवले असतील, त्यांच्याबद्दल नियमांत काही तरतूद नाही.

आता बोरगाव मेघे. हे गाव वर्ध्याला इतकं चिकटलेलं आहे, की वर्धा कुठं संपलं आणि बोरगाव कुठं लागलं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळतं. जवळचा मोठा विमानतळ म्हणजे नागपूरचा, रस्त्यानं ७५ किलोमीटरच्या आसपास. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ड्रोन २०० फुटांच्या वर न्यायचा तर परवानगी लागते, त्याच्या आत नियम आणखी कडक होत जातात, आणि १२ किलोमीटरच्या पुढं विमानतळाची कटकट संपते. पूर्वीच्या नियमांत पिवळा पट्टा ४५ किलोमीटरपर्यंत पसरलेला होता. बोरगाव त्यातूनही सुटलेलं होतं. आपल्या गावाला विमानतळ नाही याचा अभिमान बाळगावा, अशी ही जिल्ह्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

म्हणून सगळा जिल्हा मोकळा आहे असं मात्र नाही. पश्चिमेला पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिकडं ड्रोन घेऊन फिरण्याची कल्पना ज्याला सुचते त्यानं ॲपऐवजी आधी वकील बघावा. सेलू तालुक्याकडं बोर व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय काही उडवायचं नसतं. वाघाला वरून बघणं हे वाघाच्या आणि खात्याच्या, दोघांच्याही पसंतीचं नाही.

नकाशा तपासण्याचा विधी गच्चीवर होतो. कारण घरात रेंज नसते. आमचा भाचा लग्नाचे व्हिडिओ काढतो. तो ड्रोनची पेटी मधोमध ठेवतो आणि मोबाइल घेऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरतो, पाण्याच्या टाकीपाशी दोन कांड्या येतात म्हणून तिथं थांबतो. मग पासवर्ड आठवत नाही. मग ओटीपी येतो, पण तो ज्या नंबरवर येतो तो मोबाइल खाली चार्जिंगला असतो. खालून वहिनी जिन्यातून आकडे ओरडून सांगतात, त्यातला तिसरा आकडा ‘सहा’ की ‘दहा’ यावर चर्चा होते, तोवर वेळ संपते. दुसरा ओटीपी मागवला जातो. एवढ्यात आजूबाजूच्या तीन गच्च्यांवर माणसं जमलेली असतात.

पुढचा प्रश्न गाव शोधण्याचा. साध्या नकाशात नुसतं ‘बोरगाव’ टाकलं, तर साताऱ्याकडचं बोरगाव येतं, सांगलीकडचं येतं, निपाणीकडचं येतं. बोरीचं झाड जिथं जिथं उगवलं तिथं मराठी माणसानं एकेक बोरगाव वसवून ठेवलेलं आहे. ‘मेघे’ जोडलं तर शेजारची सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशी सगळी भावंडं पुढं येतात. दिल्लीत बसून ज्यानं हे आकाश रंगवलं त्याला या घराण्याची कल्पना नसणार. शेवटी भाचा बोटांनी नकाशा मोठा करत, रेल्वेचा रूळ धरत धरत आपल्या गल्लीपर्यंत पोचतो आणि म्हणतो, “मामाजी, हिरवं आहे.” तीन गच्च्यांवर समाधान पसरतं. नेमकं कशाचं, हे कोणाला ठाऊक नसतं.

पण नुसत्या हिरव्यावर जाणारा तो जुन्या वळणाचा. नव्या मुलांकडं हवामानाची वेगळी ॲप्स असतात. वारा किती, झोत किती, उपग्रह किती दिसतात, आणि ‘केपी’ किती. हा केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ चालली आहे याचा शून्य ते नऊ असा आकडा. सूर्यावर मोठं वादळ झालं की तो चढतो आणि ड्रोनचं होकायंत्र व जीपीएस गडबडू शकतात. शेजारच्या काकाजींना हे पटलेलं आहे. त्यांच्या कूलरची मोटर जळाली तेव्हापासून ते रोज सकाळी भाच्याला विचारतात, “आज केपी किती?”

सूर्य मात्र वादळ न करताही वर्ध्यात पुरेसा त्रास देतो. छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेलं असतं, की ४० अंश सेल्सिअसपर्यंतच उडवा. मे महिन्यात इथं पारा ४५ला टेकतो आणि लग्नं नेमकी मे महिन्यातच असतात. नवरदेव घोड्यावर, फेटा डोक्यावर, आणि ड्रोन थंड राहावा म्हणून आइस्क्रीमच्या डब्याशेजारी. पाहुण्यांना वाटतं तोही वाढायचाच आहे.

मग वजनाची भानगड. नियमांनी ड्रोनचे पाच वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं २ किलोपर्यंत मायक्रो, आणि पुढं वाढत वाढत १५० किलोंच्या वर लार्ज. नॅनोला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला हौसेसाठी लागत नाही, धंद्यासाठी लागतं. म्हणून जगभरचे कारखानदार २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवतात. कायदा आणि यंत्र यांच्यात उरलेला तो एक ग्रॅम म्हणजे अभियांत्रिकीचा कळस मानला जातो. पण दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो. भाच्यानं ड्रोन पाटावर ठेवला, वहिनींनी हळद-कुंकू वाहिलं, चारही पंख्यांना गंध लावलं, पोटाला लाल गंडा बांधला, आणि नजर लागू नये म्हणून एक छोटी लिंबू-मिरची. काकाजींनी किराणा दुकानातला काटा आणवून वजन केलं. २५७ ग्रॅम. एका पूजेत नॅनोचा मायक्रो झाला आणि धंद्याचा असल्यामुळं भाच्याला प्रमाणपत्र लागू झालं. लिंबू-मिरची काढायची तर नजर लागणार, ठेवायची तर दंड. या पेचावर नियमावलीत कलम नाही.

आता मुद्द्याचं. दिल्लीहून रंगवलेला नकाशा भारत सरकारची हरकत आहे की नाही एवढंच सांगतो. बोरगाव मेघेची हरकत आहे की नाही, हे त्यात कुठंच दिसत नाही. आणि खरा उतारा तोच. जमिनीच्या सातबाऱ्यावर मालक एक आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याचीच, हे आपल्याला नवं नाही. आकाशाचंही तसंच आहे. कागदावर ४०० फूट मोकळे, वहिवाट मात्र शेजाऱ्यांची.

ही वहिवाट ऋतूप्रमाणं बदलते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड आणि मुंगवड्या वाळत असतात, तेव्हा तो सगळा भाग लाल. ड्रोनच्या पंख्याची हवा खाली आली की सुती लुगड्यावरचे पापड उडून थेट शेजाऱ्याच्या हद्दीत जातात, आणि मग मोजणी करावी लागते. जानेवारीत संक्रांतीचा आठवडा लाल, कारण मांजाला ॲप कळत नाही. घारींची पिल्लं असतील तर त्या झाडाच्या वरचं आकाश लाल. घारीचं हवाई नियंत्रण पूर्वसूचना देत नाही. वानरांची टोळी आली तर रंग विचारायचा नाही, पेटी बंद करून खाली यायचं. विजेच्या तारा, टॉवर आणि अर्धवट बांधलेल्या स्लॅबातून वर आलेल्या सळया यांचीही नोंद नाही. दुसरा मजला ‘पुढच्या वर्षी’ चढवायचा म्हणून ठेवलेल्या या सळया गावातल्या अर्ध्या घरांवर उभ्या आहेत.

आणि सगळ्यांत पक्का, बाराही महिने टिकणारा लाल भाग म्हणजे शेजारच्या काकूंची गच्ची. काकू दिवसभर गाऊनमध्ये असतात, वर ओढणी. ड्रोनची घरघर ऐकू आली की त्या कठड्याशी येतात.

“काय करून राहिला रे?”

“काही नाही काकू, टेस्टिंग करून राहिलो. ॲपमध्ये हिरवं आहे.”

“तुझ्या ॲपला काय माहीत मी वर कपडे वाळवून राहिली म्हणून?”

याला भाच्याकडं उत्तर नसतं, आणि खरं सांगायचं तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडंही नाही. खाजगीपणाचा प्रश्न ड्रोनच्या बाबतीत जगभर चघळला जातो, पण काकूंनी तो एका वाक्यात मांडला. नकाशा विमानांना धक्का लागू नये म्हणून आहे. माणसांना लागणाऱ्या धक्क्याचा नकाशा माणसांनाच विचारून काढावा लागतो.

आमच्या जिल्ह्याची यात एक अडचण आहे. गांधीजी आणि विनोबांच्या या भूमीत गेल्या पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळं कागदावर जे बंद आहे ते प्रत्यक्षात कुठं, किती वाजता आणि कोणाच्या ओळखीनं मिळतं, याचं सामान्यज्ञान इथं उत्तम आहे. ड्रोननं मात्र गणित उलटं केलं. इथं कागदावर जे चालू आहे ते गल्लीत बंद निघतं. बंदीतून वाट काढण्याचा जन्मभराचा सराव, आणि आता परवानगीतून वाट काढायची वेळ आली. भल्याभल्यांना ते जमत नाही.

बरं, हिरवा रंग तरी कायमचा असतो का? तोही नाही. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या भागाला काही काळापुरतं लाल करू शकतात. म्हणून कालचा स्क्रीनशॉट आज चालत नाही. मोठ्या नेत्याचा दौरा, मिरवणूक, निवडणूक असली की पोलिसांचे वेगळे मनाई आदेशही निघतात. पूर्वी ते कलम १४४खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतात. मुंबईतले असे आदेश वाचण्यासारखे असतात. ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून, अशी रांगच असते. पॅराग्लायडर जप्त झाल्यावर नाइलाजानं फुगा बाहेर काढणारा कोण गृहस्थ पोलिसांच्या डोळ्यांसमोर असेल, याचा विचार करत माझी एक दुपार गेली. थोडक्यात, ॲप हिरवं दाखवत असलं तरी वर्तमानपत्राचं पान आणि पोलीस ठाण्याचा फोन, हे दोन जुने अवतार अजून निवृत्त झालेले नाहीत.

त्यात रात्रीचा ड्रोन म्हणजे आगीशी खेळ. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत आकाशात रात्री ड्रोन दिसू लागले. चोर वरून पाहणी करतात, अशी बातमी पसरली आणि माणसं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. तशा वातावरणात नकाशा उघडून “हे बघा, हिरवं आहे” म्हणणाऱ्याची काय गत होईल ते सांगायला नको. अशा घाबरण्यात आपण मागासलेले आहोत असंही समजू नये. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेनं विमानं ऐन नाताळाच्या तोंडावर थांबली. सुमारे १,००० उड्डाणं विस्कळीत झाली, १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. लष्कर आलं, एका जोडप्याला पकडून निर्दोष म्हणून सोडावं लागलं, आणि तो ड्रोन काही अखेरपर्यंत सापडला नाही. आमच्याकडं निदान काकूंनी बघितलेला ड्रोन पेटीतून काढून दाखवता येतो.

थट्टा बाजूला ठेवली तर हे यंत्र आमच्याकडं लग्नाच्या मंडपातून शेतात चाललेलं आहे. कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात फवारणी हा जिवाचा प्रश्न आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत शिरण्यापेक्षा धुऱ्यावर उभं राहून दहा लिटरची टाकी वरून फिरवणं केव्हाही बरं. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिलांच्या १५,००० बचत गटांना असे ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपयांचं अनुदान धरून. या दीदीलाही उडवण्याआधी नकाशा बघावाच लागतो. पण तिचं मुख्य भांडण खाली आहे. वारा फिरला आणि औषधाचा फवारा धुऱ्यापलीकडच्या भाजीवर गेला, तर चुलत सासरे आकाशाचा रंग विचारत बसणार नाहीत.

धुऱ्याच्या या भांडणात ड्रोन तसा आधीच पडलेला आहे. गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावांवरून फिरले. त्याआधी महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तो प्रयोग झाला होता. ड्रोन येण्याआधी प्रत्येकानं आपल्या घराची हद्द चुन्यानं आखून ठेवायची असते. मराठी माणसाच्या हातात चुन्याचं घमेलं देऊन “तुमची हद्द तुम्हीच आखा” असं सांगणं यात सरकारचा केवढा विश्वास दिसतो! रात्री आखलेली रेघ सकाळी वीतभर सरकलेली असणं हा चुन्याचा गुणधर्म असावा. ड्रोन बिचारा जे पांढरं दिसेल त्याचा फोटो काढतो.

आता भाच्यानं एक पद्धत बसवली आहे. सकाळी सरकारी नकाशा. मग वारा आणि काकाजींसाठी केपी. मग पोलिसांचा काही आदेश आहे का, हे एका ओळखीच्या हवालदाराला विचारणं. मग लिंबू-मिरची काढून वजन. एवढं सगळं हिरवं निघालं की तो चपला घालून शेजारी जातो. अमेरिकेत विमान वाहतूक खात्यानं ड्रोनवाल्यांसाठी ‘बीफोर यू फ्लाय’ नावाचं ॲप केव्हाच आणलं. आमचं शेवटचं ॲप म्हणजे काकूंच्या घरचा चहा. त्याला ओटीपी लागत नाही, पण साखर दोन चमचे घ्यावी लागते आणि त्यांच्या नातवाचे दहावीचे मार्क ऐकावे लागतात.

परवा चहा झाल्यावर भाच्यानं हात जोडून रीतसर विचारलं, “काकू, उद्या समोरच्या घरची हळद आहे. सायंकाळी पाच मिनिटं उडवू का? तुमच्या गच्चीवर कॅमेरा फिरवणार नाही, शब्द देतो.”

काकूंनी कप खाली ठेवला. इतके दिवस हे भांडण चाललं ते नेमकं कशावरून होतं, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा समजलं.

“फिरवणार नाही म्हणजे?” त्या म्हणाल्या. “फिरव ना! फक्त अर्धा तास आधी सांगत जा, मी साडी नेसून वर येते.”